जांभळ्या पट्ट्यातली हरकत

पुण्याला बंदर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या वयाचा हिशेब करतो. पण आहे. नगर रस्त्याने वाघोलीच्या पुढे गेलं की एक लांबच लांब भिंत लागते आणि तिच्यामागे एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात. जहाजातून उतरलेला माल धक्क्यावर न उघडता सीलबंद इथे येतो, इथे कस्टमची तपासणी होते आणि इथून कारखान्यांकडे जातो. समुद्र सोडला तर बंदरात असतं ते सगळं तिथे आहे. क्रेन आहेत, गोदामं आहेत, ट्रकांच्या रांगा आहेत आणि कागदांवर शिक्के मारणारी माणसं आहेत. सरकारी भाषेत याला कोरडं बंदर म्हणतात. आम्ही ऑफिसात नुसतं 'यार्ड' म्हणायचो.

मी नगररचनेच्या कार्यालयात आरेखक म्हणून लागले आणि रचना सहायक म्हणून निवृत्त झाले. आमचं काम सांगायला सोपं आहे. कोणत्या जमिनीवर काय करता येईल हे नकाशावर रंगाने दाखवायचं. पिवळा म्हणजे राहण्याची घरं, हिरवा म्हणजे शेती, जांभळा म्हणजे कारखाने आणि गोदामं. यार्डाच्या भोवती जांभळा पट्टा होता. तिथे गोदाम बांधा, वर्कशॉप काढा, पण घर बांधायचं नाही. रात्रंदिवस ट्रक चालणार, काय काय पदार्थ साठवले जाणार, त्यांच्या शेजारी माणसांनी झोपू नये, इतका साधा त्यामागचा विचार.

आता जांभळी जमीन पिवळी झाली की तिची किंमत कुठल्या कुठे जाते. त्यामुळे आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला पिवळं व्हायचं असायचं, आणि ते सरळ सांगणारा माणूस मला नोकरीभरात क्वचितच भेटला. एका गृहस्थांनी जांभळ्या पट्ट्यात चार मजली गोदामाचा नकाशा दाखल केला होता. प्रत्येक मजल्यावर चार स्वयंपाकघरं आणि चार न्हाणीघरं. मी विचारलं, "गोदामात स्वयंपाक कोण करणार?" ते म्हणाले, "वॉचमन." मी म्हटलं, "सोळा वॉचमन? आणि बाल्कनी कशाला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वॉचमनला बाहेर बघावं लागतं."

अशी माणसं बघून बघून माझी नजर तयार झाली. अर्ज हातात आला की मी आधी त्याखालची सही बघायची आणि मग विचार करायची की हे खरं कुणाच्या डोक्यातून आलंय. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघायचा. त्याचा मला अभिमान होता आणि ऑफिसातही तो सगळ्यांना माहीत होता. ज्या फाईलबद्दल साहेबांना शंका यायची, ती ते माझ्या टेबलावर पाठवायचे. "कुलकर्णीबाईंना वास येतो," असं म्हणायचे.

सोपानआबांची फाईल माझ्याकडे आली ती मात्र कुणी पाठवली म्हणून नव्हे. ती मीच उचलली.

विकास आराखडा नव्याने होत होता. प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांना हरकती घ्यायला मुदत देतात. यार्डाच्या पूर्वेच्या भिंतीला लागून असलेली जमीन आम्ही प्रारूपात जांभळ्याची पिवळी दाखवली होती. तो बदल वरून आला होता. वरून म्हणजे कुठून हे आम्ही कधी विचारत नसू. त्या गटात एकाच कुटुंबातले दोन हिस्सेदार होते, चुलता आणि पुतण्या. पुतण्याने साहजिकच हरकत घेतली नाही. चुलत्याने घेतली. कोऱ्या कागदावर, शाईच्या पेनाने लिहिलेली एक ओळ होती: 'सदर जागा माणसांनी राहण्याजोगी नाही, तरी ती आहे तशीच ठेवावी.'

आपल्या जमिनीची किंमत वाढू नये म्हणून अर्ज करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. माझे कान टवकारले. मी त्यांना बोलावून घेतलं.

आबा आले ते पांढरंशुभ्र धोतर आणि इस्त्रीची टोपी घालून. वय सत्तरीच्या पुढचं, चाल ताठ. खुर्ची दिली तरी तिच्या कडेलाच टेकले.

"आबा, जागा राहण्याजोगी नाही म्हणजे काय?"

"वास येतो, बाई."

"कसला?"

"कसला ते मला न्हाई सांगता येणार. येतो."

"कुठून येतो?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आता वाऱ्याचं काय सांगावं? येतो इतकं खरं."

"तुमच्या पुतण्याला नाही येत?"

"त्यो तिथं ऱ्हातोय कुठं? वारज्याला फ्लॅट घेतलाय त्यानं."

अजून दोन-तीनदा विचारलं, पण गाडी वासाच्या पुढे जाईना. जो माणूस कारण सांगताना नजर चुकवतो तो काहीतरी लपवतो, हे माझं इतक्या वर्षांचं गणित. मी जागेवर गेले. एकदा सोमवारी गेले, एकदा शनिवारी. भिंत, भिंतीच्या अलीकडे आबांचं यार्डाच्या आधीपासूनचं पत्र्याचं घर, एक बुजवलेली विहीर, आणि पलीकडे पुतण्याचा मोकळा तुकडा. डिझेलच्या धुराशिवाय कसलाही वास नव्हता.

मग पुतण्या गणेश ऑफिसात आला. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, बोलणं मात्र मऊ. "मॅडम, आबांचं वय झालंय. माझ्या वडिलांशी त्यांचं वाटणीवरून वाकडं होतं, ते अजून मनातून गेलेलं न्हाई. माझं चांगलं झालेलं त्यांना बघवत न्हाई, बस्स. माझ्याबद्दल त्यांनी काय सांगितलं का?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

गणेशवरही माझा विश्वास बसला नाही. त्याच्यामागे एक बिल्डर उभा होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्याला काय हवंय ते उघड होतं. आबांना काय हवंय ते मला कळत नव्हतं, आणि मला न कळणारी गोष्ट मला जास्त धोक्याची वाटायची.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मला उत्तर सापडलं असं वाटलं. मी ऑफिसच्या फाटकाशी उभी होते. एक जीप थांबली, आतून आबा उतरले आणि फाईलला जोडायचा सातबारा घेऊन आत गेले. जीपच्या दारावर यार्डाचं नाव रंगवलेलं होतं.

मला सगळं लख्ख दिसलं. यार्डाला वाढायला जागा हवी. शेजारची जमीन पिवळी झाली तर महाग होणार. जांभळी राहिली तर स्वस्तात मिळणार. म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला पुढे केलंय. त्याच दुपारी मी टिपणी लिहिली. 'अर्जदाराने हरकतीचे सबळ कारण दिलेले नाही. स्थळपाहणीत तथ्य आढळले नाही. अर्जदार हा लगतच्या यार्डाच्या सांगण्यावरून हरकत घेत असल्याचे दिसते. हेतू संशयास्पद.' खाली सही केली. चांगली टिपणी लिहिली की मला समाधान वाटायचं, तसं त्या दिवशीही वाटलं.

सुनावणीत समितीच्या अध्यक्षांनी ती टिपणी मोठ्याने वाचली. आबा समोर उभे होते. शेवटचे दोन शब्द त्यांना नीट कळले नाहीत म्हणून त्यांनी शेजारच्या शिपायाला विचारलं. शिपायाने हळूच सांगितलं. आबांची मान आखडली. ते अध्यक्षांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमी माझ्या घरी दोनदा आलात. बाहेरनं बघून गेलात. मी घरातच व्हतो. पाणी तरी मागायचं व्हतं."

अध्यक्ष म्हणाले, "पुढचा अर्ज."

पाणी मागायचं होतं, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आधी मला वाटलं तो पाहुणचाराचा टोमणा होता. दोन दिवसांनी ती बुजवलेली विहीर आठवली. ज्याच्या दारात विहीर आहे तो माणूस ती का बुजवेल?

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकून गेले. गुरुवार हा आपल्याकडे कारखान्यांच्या सुट्टीचा वार, रस्ता मोकळा असतो म्हणून तो निवडला, दुसरं काही कारण नव्हतं. भिंत दिसायच्या आधीच वास आला. गोडसर, कुजट, घशात चिकटून बसणारा. मी नाकाला पदर लावून आबांच्या दारात उभी राहिले. आबांच्या पत्नीने दार उघडलं, मला आत ओढलं आणि लगेच लावून घेतलं.

"या बाई, आज धुण्याचा वार हाय."

आबांनी मग सगळं सांगितलं. पातळ रसायनं आणण्यासाठी कंटेनरच्या सांगाड्यात गोल टाक्या बसवलेल्या असतात. माल उतरवला की दुसरा माल भरण्याआधी त्या आतून धुवाव्या लागतात. गुरुवारी यार्डात वर्दळ कमी, म्हणून धुण्याचं काम गुरुवारी. धुतलेलं पाणी पूर्वेच्या भिंतीशी एका खड्ड्यात सोडायचं. ते जिरत जिरत आबांच्या विहिरीत उतरलं. आधी पाण्याला रंग आला, मग दोन शेळ्या मेल्या, मग आबांनी विहीर बुजवली. आता ते पिण्याचं पाणी रस्त्यावरच्या नळावरून सायकलीला हंडे लावून आणत होते.

"हे तुम्ही ऑफिसात का नाही सांगितलं?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आमचा सुनील यार्डात क्रेन चालवतो. यार्डाचं नाव काढलं तर त्याची नोकरी जाईल. म्हणून ह्यांनी नुसतं वास येतो म्हटलं. त्यादिवशी सुनीलच सोडायला आला व्हता, त्याच्या सायबाची जीप घेऊन."

मला बसायला सतरंजी घातली होती. मी तिच्या कडेचे दोरे मोजत बसले. "माझं चुकलं," एवढं म्हटलं.

आबा म्हणाले, "चुकलं तर चुकलं. पण हितं माडी बांधून माणसं आणू नगा. त्यांची पोरं हेच पाणी पितील. मला आणखी काय पायजे?"

दुसऱ्या दिवशी मी नवी टिपणी लिहिली. सरकारी फाईलमध्ये एकदा लावलेलं पान काढता येत नाही. प्रत्येक पानाला क्रमांक असतो. पुढे नवं पान जोडता येतं, एवढंच. आबांचं आणि सुनीलचं नाव न घालता मी लिहिलं की गुरुवारी स्वतः पाहणी केली असता तीव्र दुर्गंधी जाणवली, भूजल दूषित असण्याची दाट शक्यता आहे, पाण्याची तपासणी होईपर्यंत ही जमीन रहिवासी करू नये.

साहेबांनी दोन्ही टिपण्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"बाई, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही लिहिलंत की माणूस खोटा. आज लिहिताय की खरा. यातल्या कोणत्या कुलकर्णीबाईंवर मी विश्वास ठेवू?"

"दुसऱ्या. मी स्वतः वास घेतलाय, साहेब."

"रजेच्या दिवशी?"

"हो."

"अर्जदाराच्या घरात बसून?"

मी हो म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला आणि काचा पुसत बसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला कळलं की ते आता विचार करतायत, हे खरं कुणाच्या डोक्यातून आलंय. इतकी वर्षं मी शेकडो माणसांकडे तसं बघितलं होतं. स्वतःवर ती वेळ येते तेव्हा आपण निर्दोष आहोत याचा एकही पुरावा हाताशी सापडत नाही, हे मला त्या खुर्चीत बसून समजलं.

महिनाभरात माझ्याविरुद्ध एक निनावी अर्ज आला. मला यार्डाच्या विरोधकांची फूस आहे असं त्यात होतं. चौकशी झाली, काही निघालं नाही. पण काही न निघणं आणि निर्दोष ठरणं यांत ऑफिसात बराच फरक असतो. माझी बदली अभिलेख कक्षात झाली. निवृत्तीपर्यंत मी जुने नकाशे झटकून परत घडी घालत राहिले. डबा खायला कुणी शेजारी बसलं तरी कामाचं बोलणं माझ्यासमोर बंद व्हायचं.

माझी सावधगिरीही फुकट गेली. टिपणीत नाव नसलं तरी यार्डवाल्यांना अंदाज बांधायला वेळ लागला नाही. सुनीलचा गेटपास काढून घेतला. तो आता वाघोलीत रिक्षा चालवतो. पहिल्या टिपणीने मी बापाची अब्रू घेतली आणि दुसरीने मुलाची नोकरी, हे मला मान्य करावं लागतं.

आराखडा मंजूर झाला तेव्हा जमीन पिवळीच राहिली. भिंतीलगत झाडं लावायला एक अरुंद पट्टी सोडली, तेवढीच माझ्या टिपणीची कमाई. गणेशच्या तुकड्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या. आबांनी आपला हिस्सा विकला नाही. त्यावरून भावकीने त्यांच्याकडे येणं-जाणं सोडलं. मी माझा पत्ता आणि फोन त्यांना देऊन ठेवला होता. त्या इमारतींची जाहिरात पेपरात आली, तिच्यात 'मोकळी हवा' हे शब्द ठळक टाईपात होते. मी पेपर घडी करून रद्दीत ठेवला.

निवृत्तीनंतर एका सकाळी बिबवेवाडीतल्या माझ्या घराची बेल वाजली. दारात एक तरुण बाई, पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात झेरॉक्सचा गठ्ठा.

"मॅम, मी मेघना. नगर रोडला राहते. ही साइन तुमचीच ना?"

माहितीच्या अधिकारात तिने अख्खी फाईल काढली होती. माझी दुसरी टिपणी तिने पिवळ्या पेनाने रंगवली होती. दाराची साखळी न काढताच मी विचारलं, "माझा पत्ता कुणी दिला?"

"सोपानआबांनी. आम्ही बोअरचं पाणी टेस्ट केलं, मॅम. रिपोर्ट इतका बॅड आहे की लॅबवाल्यांनी परत सॅम्पल मागितलं. दर थर्सडेला आमच्या बिल्डिंगमधली मुलं उलट्या करतात. बिल्डर म्हणतो, ड्रेनेजचा इश्यू आहे. फाईलमध्ये फक्त तुम्हीच खरं लिहिलंय."

मी साखळी काढली. तिने चहाला नको म्हटलं आणि दोन कप प्यायली. कुठल्या खात्याकडे तक्रार करायची, कोणता नकाशा जोडायचा, सुनावणीत आधी काय म्हणायचं, हे मी तिला एका कागदावर लिहून दिलं. जाताना ती म्हणाली, "मॅम, फाईलमध्ये तुमची पहिली नोटसुद्धा आहे. त्या आबांबद्दलची."

"आहे."

"ती मी अटॅच नाही करत."

"कर," मी म्हटलं. "दोन्ही लाव. एकच लावलीस तर समोरचा वकील दुसरी काढेल, आणि मग तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

सोसायटीतल्या माणसांनी चिकाटीने भांडण केलं. शिकलेली होती, इंग्रजीत पत्रं लिहीत होती, आणि मुख्य म्हणजे संख्येने पुष्कळ होती. एकट्या धोतरवाल्या माणसाचं जे कुणी ऐकलं नव्हतं ते त्यांचं ऐकलं गेलं. भिंतीजवळचं धुण्याचं काम बंद करण्याचा आदेश निघाला. खड्डा बुजवला. मेघनाचा फोन आला तेव्हा मागे फटाक्यांचा आवाज होता.

"मॅम, झालं! इथलं वॉशिंग टोटली बंद. त्यांनी शिफ्ट केलं."

"कुठे?"

"ते... ते नाही विचारलं, मॅम."

मी आबांना फोन लावला. त्यांना माहीत होतं. "पार खालच्या अंगाला न्हेलंय, वढ्याकडं. तिथं बिगारी लोकांची पालं हायेत, ह्याच इमारती बांधायला आलेली. वढ्याचंच पाणी पित्यात ती."

अभिलेख कक्षातल्या वर्षांमुळे त्या भागाचा नकाशा मला तोंडपाठ आहे. ओढ्याकाठचा तो तुकडा जांभळा आहे. नियमाने तिथे एकही माणूस राहत नाही, त्यामुळे हरकत घ्यायला तिथे कुणीही नाही. यार्डाने या वेळी नगररचनेचा नियम मोडलाय असं कागदावरून सिद्ध करणं अवघड आहे, आणि हे त्यांना कुणीतरी जाणकाराने समजावून सांगितलेलं असणार.

सुनील रिक्षा घेऊन आला. आबा मागे बसले होते. मी त्यांच्याबरोबर ओढ्याकडे जाऊन आले. पालांमधल्या बायकांनी आधी मला काहीच सांगितलं नाही, मी कोण, कुठल्या कंपनीची, हेच विचारत राहिल्या. मग त्यांनी हंडा दाखवला, त्यातल्या पाण्याला रंग आला होता.

अर्ज मी लिहिला. या खेपेला एक ओळ नव्हे, चांगली चार पानं. आबांनी सावकाश सही केली, खाली मी केली आणि पालांतल्या सात जणींनी अंगठे दिले. तो घेऊन आम्ही दोघं माझ्याच जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या टेबलावर आता एक हुशार दिसणारी मुलगी बसते. ती मला ओळखत नव्हती. तिने अर्ज दोनदा वाचला. आधी सह्या बघितल्या, मग आबांच्या टोपीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमची तिथे जमीन आहे?"

"नाही."

"नातेवाईक राहतात?"

"नाही."

"मग तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं?"

मला तिचा राग आला नाही. प्रश्न योग्य होता, मीही हाच विचारला असता. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "बाळ, खुशाल संशय घे. पण टिपणी लिहायच्या आधी एकदा आमच्याबरोबर तिथे चल, आणि त्या बायकांकडे प्यायला पाणी माग."

तिने पेन खाली ठेवलं. बाहेर सुनीलने रिक्षा चालूच ठेवली होती.